उलटी न होणारी संख्या

आधी एक कोडं. तीन अंकी संख्या आहे. तिच्या अंकांची बेरीज १९. एककाचा अंक दशकाच्या अंकापेक्षा एकाने मोठा. आणि अंक उलट्या क्रमाने लिहिले, तर संख्या ६९३ ने वाढते. ओळखा पाहू!

कागद-पेन्सिल घ्या, वेळ घ्या. उत्तर पुढे येणारच आहे. तोवर एवढंच सांगतो की हे उत्तर जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकावर, सह्याद्रीच्या कड्यालगत, एका गुहेच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपासून कोरलेलं आहे. आणि त्याहून चकित करणारी गोष्ट अशी की ज्यांनी ते उत्तर कोरलं, त्यांना हे कोडं घालताच आलं नसतं. बुद्धी कमी होती म्हणून? छे! मग का, ते पाहण्यासाठी नाणेघाटात जायला हवं.

जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याने निघालं की जीवधन किल्ल्याची भिंत डावीकडे वर चढत जाते, समोर नानाचा अंगठा दिसू लागतो आणि एकाएकी जमीन संपते. खाली कोकण. कड्याच्या या खाचेतून एक वाट खाली वैशाखऱ्याकडे उतरते. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरातला माल या वाटेने जुन्नरला चढत असे. माथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं इथे सांगतात आणि घाटाच्या नावाचं मूळही त्यातच शोधतात. आज बहुतेक लोक पावसाळ्यात इथला उलटा धबधबा बघायला येतात. पाणी वाऱ्याने वर उडतं, फोटो निघतात आणि गुहेकडे एक नजर टाकून मंडळी परततात.

पण त्या गुहेत दोन मिनिटं थांबा. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा हा लेख मानला जातो. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी त्यात आहे, आणि प्रत्येक यज्ञात काय दान दिलं याचा हिशेब. गाई, घोडे, हत्ती, गावं, चांदीची भांडी, कार्षापण नाणी. दगडावर कोरलेली जमाखर्चाची वहीच म्हणा ना!

आणि वही म्हटली की आकडे आलेच. भारतात आकड्यांचा एवढा मोठा, एवढा जुना साठा एका जागी क्वचितच सापडतो. १७ आहे, २८९ आहे, ११०१ आहे, गाईंसाठी १७००, कार्षापणांसाठी २४,४००. एके ठिकाणी तर ६००१ कार्षापण. सहा हजारांवर तो एक कसा जपून कोरलाय!

त्या भिंतीवर २४,४०० कसे लिहिले आहेत?

आपण पाच अंक लिहितो: दोन, चार, चार, शून्य, शून्य. भिंतीवर चिन्हं आहेत फक्त तीन. पहिलं चिन्ह वीस हजाराचं. दुसरं चार हजाराचं. तिसरं चारशेचं. झालं. शून्याचा मागमूस नाही, कारण त्याची गरजच नाही. दुकानदाराने गल्ल्यातून तीन नोटा काढाव्यात, एक वीस हजारांची, एक चार हजारांची, एक चारशेंची, तसा हा आकडा आहे. प्रत्येक चिन्हावर त्याची किंमत छापलेली. नोटा पिसून कशाही क्रमाने ठेवा, रक्कम बदलते का?

१७ म्हणजे दहाचं एक चिन्ह आणि सातचं एक. २८९ म्हणजे दोनशेचं, ऐंशीचं आणि नवाचं. ११०१ म्हणजे हजार, शंभर, एक. ६००१ म्हणजे फक्त दोन चिन्हं! आपल्याला चार लागतात, आणि त्यातली दोन तर 'इथे काही नाही' हे सांगण्यात खर्ची पडतात.

'पण मग प्रत्येक आकड्याला वेगळं चिन्ह? किती पाठ करायची?' असं वाटणं साहजिक आहे. इथे कोरणाऱ्यांच्या परंपरेने एक देखणी युक्ती केली होती. शंभराचं एक चिन्ह. त्याला एक रेघ जोडली की दोनशे. त्याच्या अंगाला चारचं चिन्ह चिकटवलं की चारशे, सातचं चिकटवलं की सातशे. हजाराचंही तेच: चार जोडला की चार हजार, सहा जोडला की सहा हजार, दहा जोडला की दहा हजार. शब्द उच्चारून बघा: शंभर, दोनशे, चारशे, सातशे. चार आणि 'शे', सात आणि 'शे'. आपली जीभ जे करते, तेच त्या छिन्नीने केलंय!

हा लेख कर्नल साइक्स यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय अभ्यासकांच्या नजरेत आला. पण ही चिन्हं वाचायची कशी? एखाद्या वाकड्या खुणेकडे बघून ती ऐंशी आहे, सत्तर किंवा नव्वद नव्हे, हे कोण सांगणार? इथून खरी गंमत सुरू होते, कारण हेही कोडंच होतं आणि तेही सूत्रांवरून सोडवायचं कोडं.

सगळ्यात पक्की सूत्रं मिळाली नाशिकच्या पांडवलेण्यात. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. हा दानशूर माणूस हिशेबाला फार चोख. त्याने भिक्षुसंघासाठी कायमची ठेव ठेवली आणि रक्कम दोनदा लिहिली, एकदा शब्दांत, एकदा आकड्यात. 'सहस्रानि त्रिनि', आणि लगेच पुढे चिन्ह. आपण आजही चेकवर 'अक्षरी रुपये' लिहितो ना, तसंच! शब्द वाचता आला की शेजारचं चिन्ह आपोआप उलगडतं: ते ३०००. नारळाची झाडंही त्याने 'आठ हजार' असं शब्दांत देऊन पुढे आकडा कोरला. आणखी एक चिन्ह हाती आलं.

पण मला सगळ्यात जास्त भुरळ घालतं ते पुढचं. उषवदाताने ते तीन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, एकीकडे २००० आणि दुसरीकडे १०००. म्हणजे बेरीज जुळतेच. दोन हजारांवर व्याज शेकडा एक. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

आता पडताळा बघा. शेकडा एक, हे व्याज दरमहा धरलं तर दोन हजारांवर महिन्याला वीस होतात. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा? दोनशे चाळीस! एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. दोन हजाराचं चिन्ह चुकीचं वाचलं असतं, तर हा हिशेब कोसळला असता. उरलेल्या हजारावर व्याज शेकडा पाऊण, म्हणजे वर्षाचे नेमके नव्वद. त्याच लेखात पुढे सत्तर हजार कार्षापणांचा व्यवहार येतो. एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, पस्तीस कार्षापण हा दर, आणि सुवर्ण दोन हजार. पस्तिसाने दोन हजारांना गुणा. आले सत्तर हजार?

अठराशे-एकोणीसशे वर्षांनी आपला हिशेब असा तपासला जाईल, हे उषवदाताच्या स्वप्नातही नसेल. त्याला फक्त चोख राहायचं होतं. त्याच्या चोखपणातून एक हरवलेली अंकलिपी परत मिळाली.

स्टीव्हन्सन, आपले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांच्याकडे काम करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी या मंडळींनी एकेक चिन्ह असं पारखत नेलं. भगवानलाल मूळ जुनागढचे. १८७६ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा नाणेघाटच्या अंकांवरचा लेख आला, आणि पुढे १८८३ मध्ये अभ्यासक ब्यूलर यांनी संपूर्ण शिलालेखाचं वाचन छापलं. जुन्नरच्या वेशीवरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांतही याच रीतीचा पुरावा आहे. नहपानाचा अमात्य अयम याने दिलेल्या पोढीचा (पाण्याच्या टाक्याचा) आणि मंडपाचा लेख तिथे आहे. वर्ष ४६. कोरलंय कसं? चाळीसचं एक चिन्ह, पुढे सहाचं एक चिन्ह. चाळीस, सहा.

चला, आता आपल्या कोड्याकडे.

शेवटच्या सूत्रापासून सुरुवात करा, तेच सगळ्यात बोलकं आहे. तीन अंकी संख्या उलटी केली की मधला अंक हलत नाही, त्यामुळे तो हिशेबातून बाद. हलतात दोघेच. एककाचा अंक शतकाच्या खुर्चीत जाऊन बसतो, म्हणजे त्याची किंमत शंभरपट होते, वाढ नव्व्याण्णवपट. शतकाचा अंक एककात उतरतो, त्याची घटही नव्व्याण्णवपट. म्हणून फरक नेहमी ९९ च्या पाढ्यातच येणार. कुठलीही तीन अंकी संख्या घ्या, उलटी करा, वजा करा. ९९ च्या पाढ्याबाहेर तुम्हाला जाताच येणार नाही! आपला फरक ६९३, म्हणजे नव्व्याण्णव साते. तेव्हा एककाचा अंक शतकाच्या अंकापेक्षा सातने मोठा.

शक्यता किती उरल्या? शतकात १ तर एककात ८, किंवा शतकात २ तर एककात ९. शतकात ३ घेतला तर एककात दहा बसवावे लागतील, आणि एका खुर्चीत दहा बसत नाहीत. नऊशे संख्यांमधून फक्त दोन घराणी शिल्लक! दशक एककापेक्षा एकाने लहान, म्हणून १७८ किंवा २८९. पहिलीच्या अंकांची बेरीज १६. दुसरीची १९. सापडली: २८९. नागनिकेच्या भिंतीवरची.

आता हेच कोडं नाणेघाटाच्या माथ्यावर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या हिशेबनीसाला घाला. 'आकडा उलटा कर,' म्हणा. तो काय करेल? दोनशे, ऐंशी, नऊ याऐवजी नऊ, ऐंशी, दोनशे असं लिहील. आणि मान वर करून विचारेल, 'मग? तरी दोनशे एकोणनव्वदच की!' त्याची संख्या उलटी होतच नाही. 'अंकांची बेरीज कर' म्हणालात तर तो आणखी गोंधळेल. दोनशे अधिक ऐंशी अधिक नऊ, बेरीज पुन्हा दोनशे एकोणनव्वद! आपली सगळी अंककोडी त्याच्या हातात आली की विरघळून जातात.

कारण त्याच्याकडे चिन्हालाच किंमत आहे, जागेला नाही. आपल्याकडे उलट. आपला ९ हा खुर्चीत बसणाऱ्या सरपंचासारखा चालतो. एककाच्या खुर्चीत बसला की नऊ, दशकाच्या खुर्चीत गेला की नव्वद, शतकाच्या खुर्चीत नऊशे. माणूस तोच, मान खुर्चीचा. आणि म्हणूनच जगातल्या सगळ्या संख्या लिहायला फक्त दहा चिन्हं पुरतात. दहा! गावातल्या गाई मोजा नाहीतर आकाशातले तारे, अकरावं चिन्ह लागत नाही. नाणेघाटच्या रीतीत मात्र लाख आला की नवं चिन्ह घडवा, कोटी आला की आणखी एक.

खुर्च्यांच्या या व्यवस्थेत एकच अडचण होती. खुर्ची रिकामी असेल तर? ६००१ मध्ये शतक आणि दशक दोन्ही रिकामे. तसेच सोडले तर सहा आणि एक सरकून शेजारी येतात आणि होतात एकसष्ट. यावरचा उपाय आपण जुन्नरच्या एसटी स्टँडवर रोज बघतो. खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल काही प्रवासी नाही, त्याचं तिकीट लागत नाही, पण तो असेपर्यंत ती जागा कुणी बळकावत नाही. शून्य म्हणजे तो रुमाल. स्वतःची किंमत काही नाही, पण त्याने जागा धरली म्हणून सहाला सहा हजारांचा मान मिळाला.

नाणेघाटनंतर काही शतकांनी, ४९९ च्या सुमारास, आर्यभटाने प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट असतं हा नियम एका छोट्या वाक्यात बांधला. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ च्या लेखात तर २७० आणि ५० असे आकडे शून्यासकट कोरले आहेत, आज आपण लिहू तसेच. देवासाठी १८७ हात बाय २७० हात फुलबाग आणि रोज ५० माळा. आणि ११५० च्या आसपास भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत असं करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली.

पण जुनी रीत गेली कुठे? ती गेलीच नाही!

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या पेठांत १९५७ पर्यंत जुन्या वह्यांमध्ये रुपये-आणे कसे मांडले जात? पाव रुपयाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. आण्यांना आडव्या-तिरक्या रेघा. दहा आणे म्हणजे दोन उभ्या आणि दोन आडव्या: अर्धा रुपया आणि वर दोन आणे. शून्य नाही, स्थान नाही. चिन्हं लिहा आणि बेरीज घ्या. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला तेव्हा त्या रेघा थांबल्या. मानमोडीचं 'चाळीस, सहा' आणि पेठेतलं 'अर्धा, दोन आणे', किती जवळचं नातं!

आणि आपली बोली? 'सहा हजार एक' म्हणून बघा. शून्य उच्चारलंत? 'चोवीस हजार चारशे' म्हणताना? बोलताना आपण आजही शून्य वापरत नाही. प्रत्येक शब्द आपली किंमत बरोबर घेऊन येतो: 'हजार', 'शे'. मराठी माणूस तोंडाने नाणेघाटात आहे आणि हाताने आर्यभटाकडे.

या दोघांमध्ये सापडतं ते लहान मूल. घोडेगावच्या किंवा डिंभ्याच्या वरच्या एखाद्या वाडीतल्या शाळेत जा, मुलांना 'एकशे पाच' लिहायला सांगा. एखादं मूल लिहितं १००५. आधी शंभर लिहिलं, मग पाच. 'सहा हजार एक' सांगितलं की ६०००१. आपण लाल पेनाने काट मारतो. पण बघा तर त्याने काय केलंय! त्याने सहा हजाराचं पूर्ण चिन्ह लिहिलं आणि पुढे एकाचं चिन्ह ठेवलं. नाणेघाटच्या लेखात ६००१ कार्षापण अगदी याच क्रमाने कोरले आहेत. ज्या वळणावर माणसांना शतकं लागली, त्या वळणावर ते मूल सात वर्षांचं असताना उभं आहे आणि आपण त्याला दोन दिवसांत ओलांडायला सांगतोय. मला त्या १००५ वर काट मारवत नाही. त्याला काड्यांचा गठ्ठा द्यावा, दहा-दहाच्या जुड्या बांधू द्याव्यात, शतक-दशक-एककाचे तीन कप्पे आखून मधला कप्पा रिकामा राहिलेला त्याचा त्याला दिसू द्यावा. रुमाल मग ते स्वतःच टाकतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. आपण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, यात लहान मुलं अडखळतात. 'मराठी बुडाली' अशी ओरड करणाऱ्यांना कुणी मानमोडीच्या डोंगरावर नेऊन ते वर्ष दाखवायला हवं होतं. चाळीस, सहा. 'शेहेचाळीस' या सुंदर शब्दावर माझंही प्रेम आहे, तो जाऊ नये असंच वाटतं. पण 'चाळीस सहा' ही रीतही परकी नाही. ती जुन्नरच्या दगडात आहे.

तुम्ही नाणेघाटात गेलात तर सकाळी जा. ऊन तिरपं असतं तेव्हा कोरीव रेघांच्या कडा उठून दिसतात. दोनचं चिन्ह शोधा, ते सगळ्यात सोपं: एकाखाली एक दोन आडव्या रेघा. हात न उचलता त्या दोन रेघा भराभर ओढून बघा, हवेतच, बोटाने. वरची रेघ उजवीकडे गेली, वळून खाली आली, पुन्हा उजवीकडे. बोट थांबलं की बघा काय लिहिलंत ते. भिंतीला मात्र हात लावू नका. बरोबर एखादं मूल असेल तर ती रेघ आधी त्याला ओढू द्या.